एमएससीआयटी, टायपिंग, सीसीसी: नोकरीच्या दारात कुठल्या कागदाचं किती वजन?

२०२५ हे वर्ष ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरी शोधणाऱ्यांसाठी धावपळीचं गेलं. नवी मुंबई महापालिकेने ६२० पदांची जाहिरात काढली, ठाणे महापालिकेने १७७३ पदांची. ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरच्या अखेरीस विमानं उडायला लागली. उलव्यापासून दिव्यापर्यंत बारावी झालेली, पदवी घेऊन बसलेली मुलं-मुली एकच प्रश्न विचारताना दिसतात: कम्प्युटरचा कुठला कोर्स लावू?

उत्तरं मिळतात ती दोन टोकांची. क्लासच्या फलकावर 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेलं असतं. शेजारचा दादा म्हणतो, "काही उपयोग नाही. माझ्याकडे तीन सर्टिफिकेटं आहेत आणि मी घरी बसलोय." फलक तर खोटा आहेच. पण दादाचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. जिथे तो कागद सक्तीने मागतात तिथे त्याने बऱ्याचदा अर्जच केलेला नसतो, आणि जिथे तो रोज अर्ज पाठवतो तिथे कागद बघायला कोणाला वेळ नसतो.

हे कागद दोन बाजारांत दोन वेगळी कामं करतात. सरकारी भरतीत ते पात्रता ठरवतात. खासगी नोकरीत ते तुमच्याबद्दल काहीतरी सुचवतात, आणि ते खरं आहे का हे समोरचा स्वतः तपासून घेतो. हा फरक लक्षात आला की कोर्स निवडणं बरंच सोपं होतं.

आधी कागद ओळखून घेऊ

एमएससीआयटी सगळ्यांच्या तोंडी आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, हा अभ्यासक्रम २००१ पासून चालवतं आणि प्रमाणपत्रावर राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचं नाव असतं. विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, इंटरनेट, ईमेल असा त्याचा पाया आहे.

सीसीसी हा केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेचा ८० तासांचा अभ्यासक्रम. या संस्थेचं जुनं नाव डीओईएसीसी. राज्यातल्या भरतीच्या जाहिरातींत आजही 'डीओईएसीसी सोसायटीची सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी स्तर परीक्षा' असा मजकूर येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं ही कुठली तरी वेगळीच परीक्षा आहे. ती तीच.

टायपिंगचं प्रमाणपत्र पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद देते. पूर्वी ही परीक्षा टाइपरायटरवर होत असे, आता संगणकावर होते. तिलाच जीसीसी-टीबीसी म्हणतात.

आयटीआयमधला कोपा (कम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड वरच्या तिन्हींपेक्षा मोठा आहे, आणि त्यातून अप्रेंटिसशिपची वाटही निघते. शिवाय टॅली हे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल असे खासगी क्लासचे कोर्स आहेत. त्यांचा कागद सरकारी भरतीत सहसा मोजला जात नाही, पण शिकवणारा चांगला असेल तर खासगी नोकरीत त्यांचाच उपयोग जास्त होतो.

सरकारी भरतीत कागद काय करतो

राज्य शासनाच्या ४ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयात संगणक अर्हता म्हणजे नेमकं काय ते ठरवून दिलं आहे: सीसीसी किंवा नायलिटचा वरचा कुठलाही स्तर, नाहीतर एमएससीआयटी. अर्हता म्हणजे पदासाठी लागणारी किमान लायकी. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, तिथेही ही अट होती. फक्त ती अर्ज करतानाच पूर्ण असायला हवी असं नव्हतं. नियुक्ती झाल्यावर दोन वर्षांच्या आत परीक्षा पास होण्याची मुभा होती. अशी मुभा बऱ्याच जाहिरातींत असते, सगळ्यांत नसते. त्यामुळे जाहिरातीतली ती एक ओळ शब्द न शब्द वाचायची, मित्राने पाठवलेल्या सारांशावर विसंबायचं नाही.

टायपिंगचा हिशेब वेगळा. लिपिक-टंकलेखक पदाला मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४० शब्द असा वेग मागतात. जाहिरातीत तो 'श.प्र.मि.' असा लिहिलेला असतो. हे प्रमाणपत्र साधारणपणे अर्जाच्या वेळीच हातात असावं लागतं. इथे दरवर्षी कितीतरी मुलं अडकतात. एमएससीआयटी केलं म्हणजे टायपिंगही झालं असं घरात सगळे धरून चालतात, आणि कागदपत्रं तपासायच्या दिवशी कळतं की टंकलेखन ही स्वतंत्र अट होती. उलट बाजूने, संगणक टंकलेखनाचं प्रमाणपत्र संगणक अर्हता म्हणून धरतील का, हे त्या-त्या जाहिरातीतल्या शब्दांवर ठरतं.

म्हणजे सरकारी भरतीत हा कागद लोकलच्या तिकिटासारखा आहे. ठाण्याच्या फलाटावर उभं राहायला ते लागतंच, पण सकाळच्या फास्ट गाडीत जागा मिळवून देणं हे तिकिटाचं काम नाही. तलाठी भरतीत जागा मिळाली ती लेखी परीक्षेच्या गुणांवर. एमएससीआयटीला शंभरपैकी पंचाण्णव पडले म्हणून यादीत कोणाचं नाव वर सरकलं नाही.

लोकसेवा आयोग तर आणखी एक पाऊल पुढे गेला. लिपिक-टंकलेखक आणि कर सहायक या पदांसाठी आयोग आता टंकलेखनाची स्वतःची कौशल्य चाचणी घेतो. प्रमाणपत्र आहे पण बोटं चालत नाहीत, असा उमेदवार तिथे थांबतो. कर सहायकाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागतं. सहा वर्षांपूर्वी टायपिंग पास झालेल्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी, कारण वेग सरावाने येतो तसा सराव सुटला की जातोही.

खासगी नोकरीत फाइल उघडून समोर ठेवतात

ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकेकाळी रासायनिक कारखान्यांचं राज्य होतं. आज ऐरोली, घणसोली, महापे इथे आयटी पार्क उभे आहेत, भिवंडीकडे गोदामं आहेत, उरणकडे न्हावाशेवा बंदर आहे, वाशीत एपीएमसी आहे. पायाभूत कोर्स करून आयटी पार्कमध्ये प्रोग्रामर होता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तशी आशा दाखवणारे क्लास मुलांचं नुकसान करतात. पण या सगळ्या पट्ट्यात जमिनीवरची हजारो कामं आहेत ज्यांत दिवसभर संगणकासमोर बसावं लागतं: बिलिंग, डिस्पॅच, स्टोअर, बॅक ऑफिस, हॉस्पिटलचा विमा डेस्क, क्लिअरिंग एजंटकडे कस्टमची कागदपत्रं भरणं, मालाचं ई-वे बिल काढणं. विमानतळाच्या कार्गोतही याच जातीचं काम असतं.

अशा मुलाखतीत प्रमाणपत्राची झेरॉक्स फाइलला लावून घेतात आणि संगणकासमोर बसवतात. दोनेकशे ओळींची एक एक्सेल फाइल समोर असते. बेरीज करा, दुबार नोंदी काढा, दुसऱ्या शीटमधून दर आणा, आणि फाइल अमुक साहेबांना मेल करा. वीस मिनिटांचं काम. यात कुठे अडकायला होतं ते बघितलं की कोर्समध्ये काय शिकायला हवं ते कळतं.

समजा वाशीच्या दाणा बाजारातल्या एका पेढीची फाइल आहे. जीएसटीच्या बिलावर प्रत्येक मालाला एचएसएन नावाचा क्रमांक लागतो. तो मालाचा प्रकार सांगतो. डाळींचा क्रमांक ०७१३ ने सुरू होतो. तुम्ही तो एक्सेलमध्ये टाइप केलात आणि एंटर दाबलंत की पुढचं शून्य गायब होतं, उरतं ७१३. एक्सेलला तो आकडा वाटला, आणि आकड्याच्या आधीच्या शून्याला अर्थ नसतो. ज्याने हे काम केलं आहे तो टाइप करण्याआधीच त्या रकान्याला 'टेक्स्ट' करून ठेवतो. ज्याने केलेलं नाही तो शून्य पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो आणि समोरच्याला एवढ्यावरूनच बरंच काही समजतं.

दुसरी जागा तारखेची. ०४/०५/२०२५ ही आपल्यासाठी ४ मे. संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर तो ५ एप्रिल धरतो, आणि उधारीच्या दिवसांचा सगळा हिशेब महिन्याने सरकतो. कुठेही चुकीची खूण येत नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. तिसरी जागा बेरजेची. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून साठवलेले असतात. दिसायला आकडेच, पण बेरीज शून्य येते. चौथी व्हीलुकअपची. एका यादीतला दर दुसऱ्या यादीत आणणारं हे सूत्र, आणि त्याच्या शेवटी 'तंतोतंत जुळलं तरच आण' असं सांगायचं राहिलं तर ते जवळपासचा भलताच दर बिनदिक्कत आणून ठेवतं.

मग मेल. विषयाची ओळ रिकामी, फाइलचं नाव 'बुक१', मजकुरात काहीच नाही, असा मेल गेला तर आधीची पंधरा मिनिटं फुकट जातात. कोर्समध्ये ईमेलचा धडा असतोच, पण तो मुलं पान उलटल्यासारखा उरकतात.

यातलं काहीही अवघड नाही. नीट शिकवलं आणि घरी फाइल घेऊन बसलं तर महिन्याभरात हाताला वळण लागतं. माझा आग्रह एवढाच की कोर्स चालू असताना खरी फाइल मागा: काकांच्या दुकानाची उधारी, सोसायटीच्या देखभालीची थकबाकी, भिशीचा हिशेब. पुस्तकातली पाच ओळींची गुणपत्रिका बनवून ही वीस मिनिटं निभत नाहीत.

सगळ्यांकडेच आहे, मग त्याची किंमत काय राहिली?

हा प्रश्न रास्त आहे. अर्थशास्त्रात याचं उत्तर आधीच शोधून ठेवलेलं आहे. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की नोकरी देणाऱ्याला समोरच्याची कुवत दिसत नाही, म्हणून तो एखाद्या खुणेवर भिस्त ठेवतो. अशा खुणेला त्यांनी 'सिग्नल' म्हटलं आणि पुढे २००१ मध्ये त्यांना याच विषयावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. सिग्नल चालतो कधी? तो मिळवणं काहींना सोपं आणि काहींना जड जात असेल तेव्हा. वर्गातल्या सगळ्यांनाच मिळाला तर त्याने कोणी उठून दिसत नाही.

एमएससीआयटीचं तसंच झालं आहे. २००३-०४ च्या सुमाराला ते बायोडेटात वरच्या बाजूला लिहिलं जायचं, आज शेवटच्या ओळीत लिहितात. पण दुसरी बाजूही आहे. सगळ्यांकडे असलेली गोष्ट तुमच्याकडे नसेल तर ते नसणं मात्र चटकन नजरेत भरतं. पदवी कला शाखेची, बायोडेटात संगणकाचा उल्लेखच नाही, तर अर्ज चाळणारा माणूस खात्री करत बसत नाही, पुढचा अर्ज घेतो.

एका गटासाठी या कागदाची किंमत अजून टिकून आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. लग्नानंतर किंवा मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या, आठ-दहा वर्षांनी परत काम शोधणाऱ्या बायका. त्यांच्याकडे २००८ चं एमएससीआयटी असतं आणि त्या विचारतात, हे अजून चालेल का? पात्रता म्हणून चालेल, त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. पण मुलाखतीत "मधली वर्षं काय केलं?" हा प्रश्न येणारच, आणि तिथे या वर्षीचा एखादा छोटा कोर्स, टॅलीचा म्हणा किंवा एक्सेलचा, फार उपयोगी पडतो. तो सांगतो की या बाईंनी हात पुन्हा चालू केला आहे. शिवाय क्लासच्या त्या दोन महिन्यांत रोज वेळेवर घराबाहेर पडायची घडी बसते. घरातल्यांनाही तिची सवय होते, आणि ही गोष्ट लहान नाही.

मोबाईल सगळा येतो की, मग कोर्स कशाला?

मोबाईलवर फाइल कुठे ठेवली आहे याचा विचार करावा लागत नाही. अ‍ॅप ठेवतं, अ‍ॅपच शोधून देतं. ऑफिसात मात्र पहिल्याच दिवशी सांगतात, "सर्व्हरवर अकाउंट्सच्या फोल्डरमध्ये मार्चची फाइल आहे, तिची कॉपी करून तुझ्या नावाने ठेव." मोबाईलवर वाढलेल्या मुलाची इथे तारांबळ उडते, आणि त्यात त्याचा दोष नाही, ते त्याला कधी करावंच लागलं नव्हतं. फोल्डर, फाइलचं नाव, वेगळ्या नावाने जतन करणं, पीडीएफ करून तिचा आकार कमी करणं, कीबोर्डवर न बघता टाइप करणं, एवढं तरी संगणकावर बसूनच शिकावं लागतं. घरी संगणक नसेल तर क्लासच्या फीमधला मोठा भाग खरं म्हणजे त्या मशीनपुढे बसायच्या तासांचा असतो. मग ते तास पुरेपूर वापरा. सर शिकवून गेल्यावर उठू नका.

मराठी टायपिंगचं दुर्लक्षित मोल

इंग्रजी टाइप करणारे गल्लोगल्ली मिळतात. सफाईने मराठी टाइप करणारा मिळता मिळत नाही. महापालिका, तहसील, शाळा, पतपेढ्या, वकिलांची ऑफिसं, सेवा केंद्रं, सोसायट्यांच्या नोटिसा, सगळीकडे मराठी मजकूर लागतो. तरीही बहुतेक मुलं मोबाईलवर रोमन अक्षरांत लिहितात आणि त्यालाच मराठी टायपिंग समजतात.

संगणकावर मराठीच्या मुख्य पद्धती तीन. रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरच्या कळांवरून आलेली. इनस्क्रिप्ट ही सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकसारखी आखलेली: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. तिसरी उच्चारानुसार, म्हणजे रोमनमध्ये टाइप करायचं आणि अक्षर मराठी उमटायचं. ही तिसरी शिकायला सोपी आहे, पण परीक्षेत तीच मिळेल असं धरून चालू नका. कोणती पद्धत चालणार ते परीक्षेच्या सूचनांत बघून मगच सराव सुरू करावा. बोटांना एकदा लागलेलं वळण बदलणं नव्याने शिकण्यापेक्षा जड जातं.

युनिकोड हा शब्दही एकदा समजून घ्या. प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी ही व्यवस्था आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की अगम्य चिन्हं दिसायची, कारण प्रत्येक फॉन्टचे क्रमांक वेगळे होते. युनिकोडमध्ये तसं होत नाही, मजकूर शोधताही येतो. ऑफिसांत जुन्या फॉन्टमधले दस्तऐवज अजून पडून आहेत. ते युनिकोडमध्ये आणून नीट तपासून देणारा माणूस तिथे लगेच हवाहवासा होतो.

एआय आल्यावर हे सगळं वाया जाईल का?

काही कामं नक्की घटतील. नुसतं कागदावर बघून टाइप करण्याच्या कामावर गदा येते आहे आणि ती आणखी येईल. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं. आज एक्सेलचं सूत्र त्याला मराठीत विचारलं तरी मिळतं. पण ते सूत्र तुमच्या फाइलमधल्या तारखा अमेरिकन आहेत हे तुम्ही सांगितल्याशिवाय धरून चालणार नाही, आणि ०७१३ चं ७१३ झालं आहे हे तुम्हाला दिसलंच नाही तर तुम्ही सांगणार कसं? उत्तर चुकलं आहे हे ओळखायला पाया लागतोच. म्हणून टाइप करण्यापेक्षा तपासण्याकडे जास्त लक्ष देणारा कोर्स घ्या.

'सरकारमान्य' पाटी आणि फी

क्लासच्या दारावरच्या 'सरकारमान्य' या शब्दाचा अर्थ विचारायला लाजू नका. उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता परवाना हा धंद्याचा कागद आहे. आयएसओ प्रमाणपत्र हे कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं. यातल्या कशानेही कोर्सला शासनाची मान्यता मिळत नाही. एकच प्रश्न नेमका विचारा: परीक्षा कोण घेणार आणि प्रमाणपत्रावर कोणाचं नाव असणार? उत्तरात तंत्रशिक्षण मंडळ, नायलिट, परीक्षा परिषद किंवा आयटीआय यांपैकी नाव आलं नाही, तर तो कोर्स फक्त कौशल्यासाठी घ्यायचा, सरकारी अर्जासाठी नाही. आणि नोकरीची हमी देऊन वर 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागत असतील तर तिथून उठायचं. विमानतळाच्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून तर विशेष जपा.

फी जड वाटत असेल तर सीसीसीची परीक्षा क्लास न लावता थेट अर्ज करूनही देता येते. सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त), बार्टी (अनुसूचित जाती) या राज्य शासनाच्या संस्था आपापल्या गटांतल्या तरुणांसाठी वेळोवेळी मोफत प्रशिक्षण राबवतात. सध्या तुकडी चालू आहे का, याची चौकशी फी भरण्याआधी करावी.

अर्ज भरताना प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न अक्षर जुळवून बघा. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनावाचं स्पेलिंग तेच आहे की नाही, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडलं आहे की नाही. मग तारीख बघा. जाहिरातीत ज्या दिवसापर्यंत अर्हता मागितली आहे त्याच्या आधीचा निकाल लागतो, नुसती परीक्षा दिलेली असून भागत नाही. टायपिंगची परीक्षा वर्षातून साधारण दोनदाच होते आणि निकाल लागून प्रमाणपत्र हातात यायला आणखी काही महिने जातात. त्यामुळे जाहिरात आल्यावर टायपिंग लावणाऱ्याला ती जाहिरात सहसा गाठता येत नाही, तो पुढच्या भरतीसाठीच शिकत असतो.